टॉम गॅरिकचा रविवार

एजन्सीने उर्वी दामलेला ते घर दिलं तेव्हा फॉर्मवर एवढंच लिहिलं होतं : वृद्ध महिला, एकटी, नजर अधू, पायाला जखम; मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार तास; स्वयंपाक, आवराआवर, वाचन. ‘वाचन’ हा शब्द तिने आधी कुठल्याच फॉर्मवर पाहिला नव्हता.

२००८ संपत आलं होतं. ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या कडेच्या वेरिबीत तेव्हा ज्या गल्लीत जावं तिथे आपलीच पोरं दिसायची. एकेका घरात सहा-सहा जण, गाद्या जमिनीवर, बाथरूमला रांग. कुणी आयटी शिकत होतं, कुणी अकाउंटिंग, आणि कुणी चक्क हेअरड्रेसिंग, कारण पीआरच्या, म्हणजे कायम राहायच्या परवान्याच्या यादीत ते होतं. उर्वी पुण्याची, मास्टर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला. तिची रूममेट लीना नाशिकची, ती बेकरीत पहाटेची शिफ्ट करायची आणि उर्वीला म्हणायची, “तू लकी आहेस, यार. म्हाताऱ्यांना गोष्टी वाचून दाखवायच्या. याला काम म्हणतात?”

बसच्या शेवटच्या स्टॉपवरून पंधरा मिनिटं चालावं लागे. नवी कोरी घरं, एकसारखी छपरं, विकायच्या प्लॉट्सच्या पाट्या. मग एकदम सगळं संपायचं आणि वाळक्या पिवळ्या गवताचं रान सुरू व्हायचं. दुष्काळाचं दहावं-बारावं वर्ष असेल. त्या रानाच्या मधोमध काळ्या दगडाचं एक बैठं घर होतं. तिथे एडिथ गॅरिक राहायची. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, डोळे दुधाळ.

पहिल्याच दिवशी तिने उर्वीसमोर तीन जाड वह्या ठेवल्या. “माझ्या आजोबांच्या,” ती म्हणाली. “टॉम गॅरिक. अठराव्या वर्षी न्यूझीलंडच्या लढाईला गेला होता. माझे डोळे होते तेव्हा मी वाचायचं टाळलं. आता वाचावंसं वाटतं, तर डोळे नाहीत. आधीच्या दोन मुलींना अक्षर लागलं नाही. तुला लागेल?”

अक्षर खरंच भयंकर होतं. शाई तपकिरी पडलेली, ओळी एकमेकींवर चढलेल्या. पण उर्वीचे बाबा हेमचंद्र दामले यांनी पुण्यात उभा जन्म मोडीची कागदपत्रं वाचण्यात घालवला होता. लहानपणी ती त्यांच्या शेजारी बसून भिंगातून पाहायची. ते सांगायचे, आधी शब्द शोधू नकोस, आधी लिहिणाऱ्याचा हात ओळख. तो कुठे दमतो, कुठे घाई करतो ते बघ. आणि वाचणाऱ्याने कागदावर नसलेलं घालायचं नाही, असलेलं गाळायचं नाही.

दोन आठवड्यांत तिला टॉमचा हात ओळखता येऊ लागला.

पहिली वही सरळ होती. १८६३ साल. न्यूझीलंडमधल्या वायकाटो नदीच्या काठची, तिथल्या मूळच्या माओरींची सुपीक जमीन ब्रिटिश सरकारला हवी होती, आणि माओरी ती सोडायला तयार नव्हते. फौज कमी पडली तेव्हा मेलबर्नमध्ये जाहिराती लागल्या : लढायला या, जिंकलेल्या जमिनीतली पन्नास एकर तुमची. टॉम वेरिबीत दुसऱ्याच्या मेंढ्या राखत होता. पन्नास एकर म्हटल्यावर त्याची झोप उडाली. जहाजात त्याला ओकाऱ्या झाल्या, बूट चोरीला गेले, एका मित्राने त्याला दाढी करायला शिकवलं. उर्वी वाचायची आणि एडिथ कधीकधी चक्क हसायची.

दुसऱ्या वहीत, १८६४च्या फेब्रुवारीत, पान उलटलं आणि मजकूर बदलला.

“रविवार. सकाळ,” उर्वीने वाचलं. “रात्रभर अंधारात चालून आम्ही गावात पोचलो. गावात लढवय्ये नाहीत, ते दुसरीकडे मोर्चे बांधून बसलेत. इथे बायका, म्हातारे, मुलं. गव्हाची शेतं. पीचची झाडं. चर्चची घंटा वाजायची आहे. एका मोठ्या घराचं दार बंद आहे.”

बस, एवढंच. गावाचं नाव नाही. पुढची नोंदही ‘रविवार. सकाळ’ अशीच सुरू होत होती. त्यापुढचीही. उर्वीला आधी वाटलं, एकाच दिवसाचं थोडं थोडं लिहिलं असेल. मग तिने भराभर पानं उलटली. शाई बदलली होती, टाक बदलला होता, अक्षर मोठं होत होत म्हातारं झालं होतं. मधे कुठेतरी टॉमने मिळालेली जमीन सोडली होती, वेरिबीला परत येऊन हे घर बांधलं होतं, लग्न केलं होतं. ते सगळं कोपऱ्यात एका ओळीत. बाकी पासष्ट वर्षं रोज रविवारच होता.

“रविवार. दार बंद आहे.”

“रविवार. कुणीतरी छपराला आग लावली. दार बंद आहे.”

“रविवार. दार उघडलं. म्हातारा पांढरं कापड घेऊन बाहेर आला. त्याला गोळी घातली. मी नाही. दार पुन्हा बंद.”

एडिथ खिडकीकडे तोंड करून बसली होती.

“पुढे वाच,” ती म्हणाली.

तेव्हाच धुराचा वास आला.

व्हिक्टोरिया राज्यात उन्हाळ्यात धुराचा वास आला की माणूस विचार करत बसत नाही. उर्वी धावत बाहेर गेली. घराला पूर्ण फेरी मारली. गवत उभं होतं, आभाळ निळंशार, चारी दिशांना कुठे धुराची रेघ नव्हती. उत्तरेचा गरम वारा होता, पण त्याला वास नव्हता. वास घरात होता. आणि तो इथल्या झाडांच्या तेलकट धुराचा नव्हता. ओला पेंढा कोंदून जळावा तसा होता.

“फायर ब्रिगेडला फोन करते,” ती आत येत म्हणाली.

“नको. ते येतात, बघतात, जातात. तीनदा बोलावून झालं.” एडिथने मान वळवली नाही. “आग इथली नाही.”

त्यानंतर शुक्रवार असो, मंगळवार असो, दुपारी तीनच्या सुमारास तो वास येऊ लागला. पुढच्या खोलीतून यायचा. त्या खोलीत फायरप्लेस होतं, पण ते विटा लावून कधीच बंद केलेलं. वरच्या फळीवर काचेच्या घुमटाखाली एक लहानशी लाकडी बासरी होती. वीतभरही नाही, तीन भोकं, तोंडाशी कोरलेला चेहरा, मधोमध ओवलेली झिजकी दोरी. एकदा उर्वी तिथे धूळ पुसत होती. खिडकी बंद, वारा नाही. मागून एक लांब, हलका सूर आला आणि शेवटी वर चढला, एखाद्याने काहीतरी विचारावं तसा. तिने मागे पाहिलं. घुमटाच्या काचेवर आतून वाफ धरली होती.

त्या दिवशी ती पाच मिनिटं आधीच निघाली आणि बसस्टॉपपर्यंत जवळजवळ पळाली.

एडिथच्या पायाची जखम बांधायला मंगळवारी नर्स यायची. मेरेआना. चाळिशीची, ऐसपैस बांध्याची, मोठ्याने हसणारी माओरी बाई. वीस वर्षांपूर्वी मेलबर्नला आलेली. पण या घरात तिचं हसू मावळायचं. ती एडिथला स्वयंपाकघरात बसवूनच ड्रेसिंग करायची. पुढच्या खोलीत कधी गेली नाही. जाताना मागच्या अंगणातल्या नळावर हात धुवायची आणि ओल्या बोटांनी डोक्यावर, खांद्यांवर पाणी शिंपडायची.

उर्वीने एकदा तिला नळापाशी गाठलं. “तुला इथे धुराचा वास येतो?”

“कसला धूर?”

“ओल्या गवतासारखा. पाणथळ जागेतलं गवत जळावं तसा.”

मेरेआनाने नळ बंद केला. “आमची जुनी घरं लव्हाळ्याने शाकारलेली असायची,” ती हळू म्हणाली. “माझ्या आजीची आजी अशा एका घरातून वाचली होती. वायकाटोत. तुला हे कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. त्या वह्यांत आहे.”

“काय काय आहे वह्यांत?”

उर्वीने सांगितलं. बासरीचंही सांगितलं.

“ती वस्तू नाही, उर्वी. गळ्यात घालायच्या अशा बासरीला आमच्यात घरचं माणूसच मानतात,” ती म्हणाली. “पण मी मागणार नाही. हिसकावलेलं हिसकावून परत नेत नाहीत. म्हातारीने स्वतः द्यायला हवं.”

फेब्रुवारी उजाडला तो भट्टीसारखा. आधीच्या आठवड्यात उकाड्याने ट्रेनचे रूळ वाकले होते. मग एका शनिवारी उत्तरेकडचे डोंगर पेटले, गावंच्या गावं गेली, आणि सगळं शहर आठवडाभर दबक्या आवाजात बोलत राहिलं. लीना म्हणाली, “तू ते घर सोड. रानात एकटं आहे. काही झालं तर पळणार कुठे?”

उर्वीलाही सोडायचं होतं. पण तिसऱ्या वहीतली शेवटची काही पानंच उरली होती. त्यांतली दोन एकमेकांना चिकटलेली होती. कुणीतरी मुद्दाम खळ लावून चिकटवलेली. मंगळवारी तिने वाफेवर धरून ती सोडवली, बाबा सोडवायचे तशी, आणि आधी मनात वाचली.

वाचून झाल्यावर तिने वही मिटली.

“काय आहे?” एडिथने विचारलं.

“शाई पसरलीये. लागत नाही,” उर्वी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने कागदावर असलेलं गाळलं होतं.

धूर त्या क्षणी असा दाटला की दोघींना खोकला आला. डोळे झोंबायला लागले. पुढच्या खोलीतून तो सूर आला, वर चढला, आणि मधेच तुटला. कुणीतरी हात ठेवून बंद केल्यासारखा. मग पुन्हा आला, पुन्हा तुटला. उर्वी खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. तिला कळलं होतं तो सूर का तुटतोय.

“वाच,” एडिथ म्हणाली. “अगं पोरी, वाच आता.”

उर्वीने वाचलं. एकही शब्द सोडला नाही.

“रविवार. दार पुन्हा उघडलं आणि ती बाहेर पळत आली. सहा-सात वर्षांची, माझ्या बहिणीएवढी. मी तिला पकडून पीचच्या झाडांमागे ओढलं. ती घराकडे तोंड करून हाका मारत होती. आत तिचं कुणीतरी होतं. सार्जंट दहा पावलांवर होता आणि समोर दिसेल त्याला मारत होता. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. वाचवायला. देवाशपथ, वाचवायला. ती चावली, तरी काढला नाही. छप्पर कोसळेपर्यंत काढला नाही. मग काढला. ओढ्याच्या काठी, तिसऱ्या पीचखाली, मी एकट्याने पुरलं. गळ्यातली बासरी मी घेतली. का घेतली ते सांगता येत नाही. अजून कोमट होती.”

एडिथचे हात मांडीवर पडले होते.

“मी सहा वर्षांची होते,” ती म्हणाली. “१९३० साल. आजोबा तेव्हा पंच्याऐंशीचे, कुणाला ओळखत नव्हते. मी त्या खोलीत गाणं म्हणत होते. ते मागून आले आणि माझं तोंड दाबलं. म्हणाले, चूप, चूप, ऐकतील ते. आईने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मी निळी पडले होते. आजोबा हाताकडे बघत रडत होते. मग ते महिन्याभरात गेले, आणि आईने ती पानं चिकटवली.” तिने तोंडावरून हात फिरवला. “मला माहीत होतं, उर्वी. काय ते माहीत नव्हतं, पण माहीत होतं.”

उर्वी उठली, तिच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि तिचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता.

“मेरेआनाला फोन लाव,” एडिथ म्हणाली.

तीन आठवडे गेले. मेरेआनाने तिकडे फोन केले, तिकडच्यांनी आणखी कुणाकुणाला केले, आणि मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी वायकाटोहून तिची मावशी आली. काळ्या कपड्यांतली ठेंगणी, पंचाहत्तरीची बाई. बरोबर एक म्हातारा काठी टेकत आलेला. ते फाटकाबाहेरच थांबले.

एडिथ व्हरांड्यात व्हीलचेअरवर बसली होती. तिला चालता येत नव्हतं, म्हणून बासरी उर्वीने न्यायची असं ठरलं होतं. मेरेआनाने तिला सकाळीच समजावलं होतं. “मावशी फाटकातून हाक घालेल. आमच्यात बायकाच घालतात, जिवंतांना आणि गेलेल्यांनाही. खरं तर आतल्या बाजूने एखाद्या बाईने उत्तर द्यायचं असतं. पण या घरात आमचं कुणी नाही, तेव्हा उत्तर येणार नाही. तू बावरू नकोस. चालत राहा.”

उर्वी पुढच्या खोलीत गेली. काचेचा घुमट उचलला. बासरी तिने आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात घेतली. मार्चची सकाळ गार होती, आणि बासरी कोमट होती.

ती दारात आली तशी मावशीने हाक घातली. उंच, लांब, पोटातून आलेली. रानावरून सरकत घरापर्यंत आली आणि दगडी भिंतींना लागून विरली. उर्वी व्हरांड्याची पायरी उतरली.

आणि तिच्या मागून, रिकाम्या घरातून, उत्तर आलं.

बारीक आवाज होता. लहान मुलीचा. शब्द तिला कळले नाहीत. पण या वेळी सूर तुटला नाही. पूर्ण लांबला आणि आपणहून थांबला. फाटकापाशी मेरेआनाने तोंडावर हात नेला आणि लगेच खाली घेतला. मावशी जागची हलली नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, तरी तिने दुसरी हाक घातली, आता खालच्या पट्टीत, लेकराला जवळ बोलवावं तशी.

उर्वी मागे वळली नाही. चाळीस पावलं असतील. तेवढ्या वाटेवर तिच्या मनगटाला कुणाच्या तरी बोटांचा हलका स्पर्श होत राहिला, गर्दीत लहान मूल धरतं तसा. फाटकाशी तिने बासरी मावशीच्या हातात दिली आणि तो स्पर्श सुटला. मावशीने बासरी कपाळाला लावली, नाकाला लावली. म्हाताऱ्याने काठी टेकून बराच वेळ काहीतरी म्हटलं. ते संपेपर्यंत कुणी हललं नाही.

मग मावशी म्हणाली, “आता खायला हवं. खाल्ल्याशिवाय हे पुरं होत नाही.”

उर्वीने घरी जे होतं त्याचा तिखटामिठाचा सांजा केला. मेरेआनाने केक आणला होता. सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसले. म्हाताऱ्याने सांजा दोनदा घेतला आणि यात मोहरी आहे का ते विचारलं. एडिथने काहीच खाल्लं नाही. शेवटी तिने तिन्ही वह्या टेबलावर सरकवल्या.

“याही न्या,” ती म्हणाली. मग थांबून विचारलं, “त्याला कुणी माफ करेल का?”

मावशीने कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण घाईही नव्हती.

“मी मुलीला न्यायला आलेय,” ती म्हणाली. “त्याच्यासाठी नाही.”

एडिथने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. तिला बहुतेक ते उत्तर चाललं असावं, कारण नंतर तिने केकचा एक तुकडा मागून घेतला.

जूनमध्ये एडिथ झोपेतच गेली. फ्युनरलला आठ माणसं होती, त्यांत उर्वी आणि मेरेआना. घर लगेच विकलं गेलं आणि स्प्रिंग यायच्या आत पाडलं. आता तिथे प्लॉट पडलेत. शेवटच्या तीन महिन्यांत त्या घरात धुराचा वास एकदाही आला नव्हता, हे उर्वीने लीनाला सांगितलं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी युनिहून परतताना उर्वी स्टेशनवर उभी होती. मेरेआनाचा फोन आला, वायकाटोहून. मागे वारा ऐकू येत होता. पीचची झाडं केव्हाच गेलीत, ती म्हणाली, पण ओढा तिथेच आहे. आम्ही काठावर एक जागा ठरवली आणि तिच्यासाठी म्हणायचं ते सगळं म्हटलं. त्या दिवशी हरवलेल्यांची नावं आमच्या घरात पाठ असतात. एका मुलीचं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं.

“तिचं नाव काय होतं?” उर्वीने विचारलं.

“रिपेका.”

उर्वीने नाव उच्चारलं.

“तसं नाही,” मेरेआना म्हणाली. “‘का’ इतका लांब नको. पुन्हा म्हण.”

प्लॅटफॉर्मवरची माणसं बघत होती. उर्वीने पुन्हा म्हटलं, आणि आणखी एकदा, मेरेआना “हं, आता बरोबर” म्हणेपर्यंत.